मल्लिनाथच्या नावावर

शंका घेणं हा माझा धंदा आहे. थट्टा नाही, मला त्याचाच पगार मिळतो. सॉफ्टवेअर बनवणारा म्हणतो, बटण दाबलं की हजेरी लागते. मी ते बटण दोनदा दाबते, इंटरनेट बंद करून दाबते, मोबाइलची बॅटरी एक टक्क्यावर आल्यावर दाबते, आणि मग त्याला सांगते की बाबा, तुझी हजेरी दोनदा लागली. ह्याला टेस्टिंग म्हणतात. अकरा वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला की मी मेथीची जुडी सोडून आतली काडी बघते. माझे मिस्टर ताहेर, औशात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, ते म्हणतात, "शहजादी, तेरे कू तो अपने साये पे भी शक हय."

आमची कंपनी लातुरात, औसा रोडला, बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. कंपनी मोठा शब्द झाला. आठ माणसं आणि दोन एसी, त्यातला एक चालतो. मालक गुरुपादप्पा उदगीरच्या डाळमिलवाल्यांच्या घरातले, कपाळावर रोज ठसठशीत भस्म, आणि सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. आम्ही क्लासवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पोरगं क्लासात शिरलं की आईबापाच्या मोबाइलवर निरोप जातो, परीक्षा झाली की मार्क जातात. लातुरात क्लासांना तोटा नाही, त्यामुळे आम्हालाही नव्हता.

टेस्टर दोघंच, मी आणि मल्लिनाथ. मल्लिनाथ चाकूरचा, सत्तावीस वर्षांचा, हाताखाली मीच तयार केलेला. कामाला चोख, बोलायला कंजूष.

फेब्रुवारीत त्याच्या वडिलांना, मलप्पांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. घरात आई शरणम्मा आणि हा एकटा. बारा दिवसांत त्याच्या सगळ्या सुट्ट्या संपल्या. अप्पांचा नियम साधा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. सुट्टी संपली की पगार बंद, आणि पंधरा दिवस वर गेले की नवा माणूस.

"बाजी, लॅपटॉप हाय संगं," मल्लिनाथ फोनवर म्हणाला, बाजी म्हणजे ताई, ऑफिसातली पोरं मला तसंच म्हणतात. "हितं बसूनच काम करतो म्हनलं अप्पाला."

मागून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. जो माणूस दर दोन तासांनी बापाला कुशीवर वळवतो आणि औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन जिने उतरतो, तो काय डोंबलाचं टेस्टिंग करणार?

"तू निस्ता सकाळी हजर हाय मनून लिहीत जा," मी म्हटलं. "बाकीचं मी बघून घेते."

ते मी कसं बघितलं, ते सांगते. आमच्याकडे काम बोर्डवर चालतं. बोर्ड म्हणजे भिंतीवरचा फळा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. प्रत्येक कामाचं एक टिकीट असतं. काम झालं की टिकीट बंद करायचं आणि 'कोणी केलं' ह्या रकान्यात नाव निवडायचं. कुठलंही निवडा, तो अडवत नाही. सात आठवडे मी दोघांचं काम केलं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त मल्लिनाथच्या नावावर टाकलं. कारण अप्पा रोज संध्याकाळी त्याचंच नाव उघडून बघत होते. माझं नाव कोण बघतं? अकरा वर्षांनंतर मी ऑफिसात छताच्या पंख्यासारखी झाले होते, बंद पडल्याशिवाय वर बघायची गरज नाही.

ही गोष्ट आणखी एकालाच माहीत होती, समोर बसणाऱ्या वकारला. कोड तो लिहितो, चुका मी काढते, तरी आमचं जमतं. तो म्हणाला, "बाजी, ही तर सावड झाली."

सावडच होती. माझ्या सासरी आजही सोयाबीनच्या काढणीला सावड चालते. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. कुणी लिहून ठेवत नाही. आभारसुद्धा मानत नाहीत, कारण आभार मानले की उद्या यायचं नाही असा अर्थ होतो. माणूस गुपचूप येतो, विळा घेतो आणि आपल्या ओळीला लागतो.

एप्रिलमध्ये मलप्पा काठी धरून चालायला लागले, अर्धेमुर्धे शब्द बोलायला लागले, आणि मल्लिनाथ परत आला. त्याच आठवड्यात आमच्याकडे मुकादम आला.

मुकादमाला आणलं मंजुश्री मॅडमनी. मॅडम म्हणजे अप्पांची भाची. आठ वर्षं पुण्याच्या कंपन्यांत काढून वर्षापूर्वी आल्या आणि आमच्या टीमलीडर झाल्या. मुकादम म्हणजे एआय. तो बोर्ड वाचणार, आमच्या ग्रुपवरचे निरोप वाचणार, कुठलं काम रखडेल, कोण अडकलंय, कुणाला काय द्यावं हे सांगणार, आणि दर सोमवारी दहा वाजता तक्ता काढणार. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. वकार म्हणाला, ऊसतोडीच्या टोळीवर असतो तो मुकादमच की हा. दोन दिवसांत अप्पाही मुकादम म्हणायला लागले.

"हे टीमला मदत करण्यासाठी आहे," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या. "कोणावर लक्ष ठेवण्यासाठी नाही."

जे कुणी विचारलेलंच नाही ते माणूस आधीच नाकारायला लागला की माझे कान टवकारतात.

खरं ते खरं सांगायला पाहिजे, मुकादम बिनकामाचा नव्हता. मार्कांच्या निरोपाचं काम पाच दिवस लांबेल असं त्याने सांगितलं, आणि ते बरोबर पाच दिवस लांबलं. वकारच्या डोक्यावर तीन माणसांचं काम आहे हे आम्ही वर्षभर ओरडून सांगत होतो, ते त्याने एका ओळीत सांगितलं आणि अप्पांनी लगेच ऐकलं. ह्याचाही मला रागच आला.

मुकादमाचे डोळे एप्रिलमध्ये उघडले. त्याआधी कोण कुठून काम करत होतं हे त्याने बघितलं नव्हतं, फक्त बोर्डवर लिहिलेलं वाचून तो शिकला होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. त्यामुळे पहिला तक्ता आला तो असा: मल्लिनाथ, हिरवा. टीममधील सर्वाधिक भरवशाचा सदस्य. आणि खाली मी, पिवळी. कामाचा वेग निम्म्याने घटला आहे, लक्ष द्यावे.

अप्पांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "बाप दवाखान्यात, आन् पोरानं हे काम केलं! याला मनतेत निष्ठा. वाजवा टाळ्या."

सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. वकारने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी मल्लिनाथकडे बघत होते. तो आपल्या चपलांकडे बघत होता. तोंडातून शब्द काढला नाही.

मी तरी काय बोलणार होते? बोलले असते तर त्याची नोकरी त्याच दुपारी गेली असती. सावड केली होती, दवंडी पिटायची नव्हती. एक तक्ता पिवळा आला म्हणून काय बिघडतं, असं म्हणून मी गप्प बसले.

बिघडणार होतं ते मेच्या सुरुवातीला कळलं. अप्पांनी सगळ्यांना बोलावलं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या क्लासचं ॲप दहा जूनला द्यायचं, पंधराला त्यांच्या बॅचेस सुरू. आणि ते झालं की टेस्टर एकच.

"कुठलं तपासायचं आन् कुठलं न्हाई हे आता मुकादमच काढून देतो," अप्पा म्हणाले. "दोघं कशाला लागतेत? जूनच्या तक्त्यात जो वर, तो ऱ्हाईल. माझ्या मनाचं त्यात काई न्हाई."

लातुरात टेस्टरची नोकरी म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्या सगळ्या भरलेल्या. ही गेली की पुढची पुण्याला. पुण्याला मी जाऊ शकत नाही. ताहेरचं दुकान औशात, सासूबाई औशात, मुलगी आठवीत औशात. म्हणजे ही नोकरी गेली की माझं काम संपलं, कायमचं. सकाळची औसा–लातूर बस, खिडकीजवळची जागा, माझ्या नावाचा ड्रॉवर, सगळं संपलं. मला ते नको होतं. जीव गेला तरी नको होतं, हे मी स्पष्ट सांगते.

आणि मल्लिनाथ अजून गप्प होता.

मग माझं डोकं धंद्याला लागलं. हा गप्प का? एका वाक्यात सांगू शकला असता, अप्पा, ते काम बाजीचं. सांगत नाही म्हणजे त्याला ते पचलं. बारकाईने बघायला लागले तर रोज काहीतरी सापडायचं. तो मी आले की स्क्रीन बदलायचा. मी निघाले तरी बसून असायचा, आधी माझ्याबरोबर जिना उतरायचा. डबा खायला वकारच्या टेबलावर जायला लागला. एकदा मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. बापाच्या आजारात गाय, आणि आता हा वाघ, असं मी मनाशी म्हटलं.

मॅडमवर तर माझी आधीपासून नजर होती. मुकादमाच्या कानात कोणी काही घालतं का, हे बघायला मी एक चाचणी लावली. फक्त मॅडमना, एकट्यांना गाठून, सांगितलं की मी पुण्यात नोकरी शोधतेय. साफ खोटं. आता सोमवारच्या तक्त्यात माझ्यापुढे 'सोडून जाण्याची शक्यता' असं काही आलं, की चोर सापडला. सोमवारी काहीच आलं नाही. एक तर मॅडम निर्दोष होत्या, नाही तर माझ्याहून हुशार. मी दुसरं धरलं.

त्याच दिवशी दुपारी खाली चहाच्या टपरीवर मल्लिनाथ माझ्यामागे आला. हातात दोन कप. एक माझ्यापुढे धरला.

"बाजी, जरा बोलायचं व्हतं."

"माझ्याशी कामून?" मी म्हटलं. "मुकादमाला सांग. त्याचा लाडका हायस तू."

कप तसाच त्याच्या हातात राहिला. त्याचा चेहरा पडला, मला तेव्हा बरंच वाटलं. दोन्ही कप टपरीच्या फळीवर ठेवून तो वर निघून गेला.

"बाजी, लई झालं हे," टपरीवर शेजारीच उभा असलेला वकार म्हणाला.

"तू कुनाच्या बाजूनं हायस?" मी विचारलं. तो चहाचे पैसे द्यायला वळला, म्हणून त्यालाही मी यादीत टाकलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात खरी गोष्ट घडली. बोर्डवर माझ्या नावाने बंद झालेलं एक टिकीट दिसलं: जुन्या मोबाइलवर मार्कांचं पान उघडतं का ते तपासणे. मी ते केलं नव्हतं. आधी वाटलं, उन्हाने डोकं फिरलं असेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मी हाताने डायरी लिहिते, दिवसभरात काय तपासलं ते, टेस्टरने लिहावीच. डायरी आणि बोर्ड समोरासमोर ठेवून बसले, तर काही मेच्या सुरुवातीचीही निघाली. महिनाअखेरपर्यंत माझ्या नावावर सत्तावीस टिकिटं होती जी माझी नव्हती.

एकेक उघडून बघितलं. काम चोख होतं. टाचणीएवढी चूक नाही. तेच जास्त संशयाचं होतं.

ह्या सत्तावीस टिकिटांनी तक्त्यात मी पिवळ्याची हिरवी झाले. मल्लिनाथ खाली येत होता. दुसरी बाई असती तर पेढे वाटले असते. पण फुकटचं हिरवं मला पचेना. मला चित्र स्वच्छ दिसत होतं. आधी हिला खोट्या नोंदींनी वर चढवायचं, आणि ऐन दहा जूनला उघडं पाडायचं की बघा, न केलेलं काम स्वतःच्या नावावर टाकणारी बाई. मग नोकरीही जाईल आणि अकरा वर्षांचं नावही. करणार कोण? मॅडम. नाही तर मल्लिनाथ. नाही तर दोघं मिळून.

घरी ताहेरना सांगितलं. ते डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं घालून बसले होते. "पहले किसी कू पूछ तो ले," ते म्हणाले.

"किस कू पूछूं? सब मिले हुए हैं."

"अरे, जिसपे शक हय उसीकू पूछना ना."

चोराला कोण विचारतं, असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

मुकादमाच्या पानावर खाली एक चौकट असते: काही शंका असल्यास येथे लिहा. एप्रिलपासून तिच्यात कोणी काही लिहिलं नव्हतं. जूनच्या पहिल्या सोमवारी मी लिहिलं. 'माझ्या नावावर मी न केलेली सत्तावीस कामं आहेत. ती कोणी टाकली?'

शेजारी चहा होता. घोट घेईपर्यंत उत्तर आलं. 'ही सर्व सत्तावीस टिकिटे मल्लिनाथ यांच्या लॅपटॉपवरून बंद करण्यात आली आहेत. त्यांपैकी अठरा कार्यालयीन वेळेनंतर. ही माहिती मंजुश्री व गुरुपादप्पा यांना पाठवण्यात आली आहे.'

पाठव असं मी म्हटलं नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडला, असंच मनात आलं. पाच मिनिटांत अप्पांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. अप्पा खुर्चीत, मॅडम लॅपटॉप घेऊन बाजूला, मी आणि मल्लिनाथ उभे.

"हे तू केलंस?" अप्पांनी विचारलं.

"हाव."

"कामून?"

मल्लिनाथने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी सुटले असते. नव्हता. तो घाबरलेला होता, आणि स्वतःसाठी नव्हे. मी काही बोलून बसेन की काय, ही भीती होती त्याला.

"चुकून झालं, अप्पा," तो म्हणाला.

"सत्तावीस वेळा चुकून?" मॅडम म्हणाल्या. "रात्री थांबून?"

तो परत आपल्या चपलांकडे बघायला लागला. आणि मला कळलं. एखादी चूक तीन आठवडे डोळ्यांसमोर असावी आणि दिसल्यावर आपण इतके आंधळे कसे होतो असं व्हावं, तसं झालं. तो खोट्या नोंदी करत नव्हता. तो माझ्या रानात आला होता. गुपचूप, न बोलता, स्वतःचं काम करून माझ्या नावावर टाकत होता. तक्त्यात मी वर यावं आणि तो खाली जावा म्हणून. फेब्रुवारीची सावड फेडत होता. आणि मी मुकादमाला हाक मारून त्याला धरून दिलं होतं.

"खोट्या नोंदी करनारा मानूस मला नको," अप्पा म्हणाले. "आजच्या आज—"

"अप्पा, थांबा," मी म्हटलं. "खोटं मी आधी केलं. फेब्रुवारी आन् मार्चमधी मल्लिनाथच्या नावावर जेवढं काम हाय, ते समदं माझं हाय. हा दवाखान्यात व्हता. मीच टाकलं त्याच्या नावावर. हा ते फेडायलाय. सावड हाय ती, अप्पा. चोरी न्हाई."

"बाजी, कामून बोललात," मल्लिनाथ पुटपुटला.

अप्पा खुर्चीत मागे रेलले. खिडकीतून खालच्या दुकानातली बियाणांच्या पिशव्यांची आदळआपट ऐकू येत होती. मग ते हळूच म्हणाले, "आमच्या मिलमदी पट्टा तुटला की शेजारच्या मिलची मानसं यायची. बापानं कदी बोलावलं न्हाई त्यांना. आपलीआपन यायची."

मला वाटलं, जमलं. खरं सांगते, मला वाटलं, जमलं.

"मंजू," अप्पा म्हणाले, "ज्याचं काम त्याच्या नावावर करायला लाव मुकादमाला. एकदा खरं काय ते दिसू दे."

मॅडमची बोटं किबोर्डवर थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडावर संशय घेण्याजोगं काही दिसलं नाही, त्यांना नुसतं वाईट वाटत होतं. "मामा, असू द्या ना. ॲप तर वेळेत होतंय," त्या म्हणाल्या.

"कर मनलं ना."

मुकादमाने वेळ लावला नाही. नवा तक्ता आला. त्यात एकही चूक नव्हती, मी अकरा वर्षांची टेस्टर सांगते, एकही नव्हती. शहजादी, हिरवी. दोन सदस्यांचे काम एकटीने केले. सर्वाधिक भरवशाची. आणि खाली मल्लिनाथ, लाल. सलग सात आठवडे कोणतेही काम नाही.

सावडीसाठी मुकादमाकडे रकाना नव्हता. अप्पांकडे होता, आताच त्यांनी तो उघडून दाखवला होता. पण त्यांनी स्क्रीन बघितली, भस्म पुसल्यासारखा कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता माझ्या हातात काय ऱ्हायलं? दहा तारखेपर्यंत ये रे मल्लिनाथ. पुढच्या मयन्याचा पगार देतो."

मुकादमाने कुणाला काढलं नाही. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं. त्याच्या आड उभं राहून अप्पांनी काढलं, आणि अप्पांच्या आड उभी राहून मी. कारण त्या क्षणी 'मग मी जाते' एवढे तीन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. खिडकीजवळची जागा आठवली, ड्रॉवर आठवला, आणि मी ते गिळले. केबिनमध्ये कुणाला कळलं नाही. मल्लिनाथला कळलं असावं, कारण तो पटकन म्हणाला, "आता बरोबर आलं, अप्पा," आणि मला दार उघडून दिलं.

दहा तारखेला ॲप वेळेत गेलं. संध्याकाळी मी मल्लिनाथबरोबर बसस्टँडवर गेले. त्याला चाकूरची बस, मला औशाची. त्याच्या हातात पिशवी होती, तीत त्याचा चहाचा कप आणि माझ्या जुन्या डायऱ्या, शिकायला आला तेव्हा मी दिलेल्या. त्या तो परत द्यायला लागला. मी घेतल्या नाहीत.

"मला सांगायचं तरी व्हतंस," मी म्हटलं. "एक शब्द."

"सावडीचं बोलून दाखवत न्हाईत, बाजी. दादा मनतेत." दादा म्हणजे त्याचे वडील. मग तो म्हणाला, "तरी मी आलतो सांगायला. चा घेऊन. मनलं, बाजी उगंच जीवाला लावून घ्यायलेत, सांगून टाकावं."

मी काय उत्तर दिलं होतं ते दोघांनाही आठवत होतं. त्याने ते उच्चारलं नाही. तेवढ्यात चाकूरची बस लागली आणि गर्दीत जागा धरायला तो पळाला. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने विचारलं, "बाजी, तुमची औशाची गेली न्हाई ना?" स्वतःची नोकरी गेलेला माणूस माझी बस चुकेल म्हणून काळजी करत होता. मी नाही म्हणून मान हलवली आणि रडायला लागले. स्टँडवरची माणसं बघत होती. बघू दे म्हटलं.

आता दोघांचं काम मी एकटी करते. तक्त्यात हिरवी असते. दर सोमवारी दहा वाजता मुकादम मला विचारतो, तुमच्या शंकेचे निराकरण झाले का? खाली दोन बटणं असतात, होय आणि नाही. अजून मी एकही दाबलेलं नाही.

काम झालं की टिकीट बंद करते. 'कोणी केलं' ह्या रकान्यावर बोट नेते. पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे मल्लिनाथचं नाव होतं, मग मॅडमनी काढलं, काढावंच लागतं. आता रकाना उघडला की टेस्टरांत एकच नाव येतं, माझं. मी तेच निवडते.